दाबलेलं बटण जातं कुठे?

नांदेड आणि लातूर यांच्यात रस्त्याने दीडशे किलोमीटरही अंतर नाही, पण दोन्हीकडच्या रेल्वे आरक्षणाच्या खिडक्या वेगवेगळ्या संगणकांना बांधलेल्या आहेत. हजूर साहिब नांदेड हे दक्षिण मध्य रेल्वेच्या एका विभागाचं मुख्यालय. २००३ साली हैदराबाद विभागातून हा विभाग वेगळा निघाला. त्यामुळे तिथली खिडकी सिकंदराबादच्या आरक्षण केंद्राशी बोलते. लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, म्हणून तिथली खिडकी मुंबईच्या केंद्राची. गंमत म्हणजे लातूर रोड हे जवळचंच स्टेशन पुन्हा दक्षिण मध्य रेल्वेत आहे. नवख्या प्रवाशाची या दोन लातूरांत होणारी फसगत हा वेगळाच विषय आहे.

प्रवाशाला या हद्दींचा पत्ता लागत नाही, कारण दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं एप्रिल १९९९ पर्यंत एकमेकांना जोडली गेली. रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेने लिहिलेली ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली सप्टेंबर १९९४ मध्ये आधी सिकंदराबादला चालू झाली आणि मग बाकीच्या केंद्रांत गेली. तेव्हापासून लातूरच्या खिडकीवर सिकंदराबादच्या ताब्यातली गाडी मागितली, तर मुंबईचं यंत्र सिकंदराबादच्या यंत्राला विचारतं आणि उत्तर लातूरला छापलं जातं. खिडकीतल्या बाबूने मात्र फक्त एक बटण दाबलेलं असतं.

हे प्रकरण त्या बटणाविषयी आहे. बोट आणि दूरवरचं यंत्र यांच्या दरम्यान त्या बटणाचा अर्थ चार-पाच वेळा नव्याने लावला जातो. म्हणून मोठ्या संगणकांवर काम करणाऱ्यांची एक कायमची तक्रार असते: हे बटण कधी चालतं, कधी चालत नाही. तक्रार खरी असते, पण ‘कधी कधी’ हा शब्द फसवा आहे. बटण लहरी नसतं. मधल्या कुणाची तरी अवस्था बदललेली असते आणि ती आपल्याला दिसत नसते.

कॉन्सर्ट ज्या यंत्रांवर वाढली ती डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची, आधी व्हॅक्स आणि पुढे अल्फा. काटेकोर बोलायचं तर यांना मेनफ्रेम म्हणत नाहीत. मेनफ्रेम म्हटलं की जाणकारांच्या डोळ्यांपुढे आयबीएम येते, आणि तिच्याकडे आपण येणारच आहोत. पण आधी हे घराणं पाहू, कारण तिथला गोंधळ समजायला सोपा आहे.

या यंत्रांना जोडण्यासाठी डिजिटलने व्हीटी नावाची टर्मिनलं काढली. १९७८ चं व्हीटी-१०० आणि १९८३ चं व्हीटी-२२० ही त्यातली सर्वांत गाजलेली. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. विचार करणारं डोकं दूर. तुम्ही ‘न’ दाबला की तो तारेवरून मोठ्या यंत्राकडे जातो, ते यंत्र तो परत पाठवतं, आणि मगच पडद्यावर उमटतो. पडद्यावर दिसणारं प्रत्येक अक्षर असं जाऊन-येऊन आलेलं असतं. लाईन मंदावली की अक्षरं बोटांच्या मागे पडतात. सकाळी दहाला वातानुकूलित आणि अकराला साध्या डब्यांचं तत्काळ उघडतं, त्या मिनिटाला सराईत बाबू पडद्याकडे न पाहता पुढचीही बटणं दाबून मोकळा होतो, कारण ती रांगेत थांबून क्रमाने पोचतील याची त्याला खात्री असते. अशा हातांखाली एखादं बटण भलतंच वागलं, तर चूक कळायच्या आत ते हात चार पायऱ्या पुढे गेलेले असतात.

पुढे टर्मिनलं महाग पडू लागली आणि पीसी स्वस्त झाले. मग पीसीवर एक प्रोग्राम बसवला जाऊ लागला, जो मोठ्या यंत्राला सांगतो की मी व्हीटी-२२० आहे. हाच टर्मिनल एम्युलेटर. पडद्याचं सोंग चांगलं वठतं. कीबोर्डचं वठत नाही, कारण व्हीटीच्या कीबोर्डवर जी बटणं होती ती पीसीच्या कीबोर्डवर नाहीत आणि जी आहेत ती जागच्या जागी नाहीत.

नमलॉकचंच घ्या. पीसीवर आकड्यांच्या गटात वर डावीकडे नमलॉक असतो. व्हीटीवर त्याच जागी पीएफ-१ होतं, आणि व्हॅक्सवरच्या कितीतरी प्रोग्रामांत तेच सगळ्यांत महत्त्वाचं बटण. म्हणून एम्युलेटर नमलॉकला पीएफ-१ समजायला शिकवले गेले. पण विंडोजच्या लेखी नमलॉक हा नमलॉकच, तो दाबला की आकड्यांचा गट चालू-बंद होणार. एम्युलेटरने तो बदल लगेच उलटवायचा असतो. उलटवला तर सगळं ठीक. नाही उलटवला, तर पीएफ-१ एकदा दाबल्यावर आकडे उमटतात आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर त्याच बटणांनी कर्सर पळू लागतो. माणूस म्हणतो, कीबोर्ड बिघडला.

बॅकस्पेसची गोष्ट याहून जुनी. अक्षर खोडण्यासाठी संगणकाच्या वर्णसंचात दोन उमेदवार आहेत: क्रमांक ८ आणि क्रमांक १२७. व्हीटी-२२० चं खोडायचं बटण १२७ पाठवतं. पीसीवरचे बरेच प्रोग्राम ८ पाठवतात. व्हॅक्सच्या व्हीएमएस प्रणालीत ८ चा अर्थ ‘ओळीच्या सुरुवातीला जा’ असा आहे. म्हणजे माणूस एक अक्षर खोडायला जातो आणि कर्सर ओळीच्या आरंभी उडी मारतो. एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये ‘बॅकस्पेस काय पाठवतो’ असा एक पर्याय असतो, तो बदलला की झालं. पण सेटिंग सेशनागणिक वेगळं साठवलं जातं, आणि एकाच पीसीवर दोन सेशन उघडी असतील तर एका खिडकीत बॅकस्पेस नीट आणि दुसरीत विचित्र. कीबोर्ड तोच आहे, म्हणून शंका शेवटपर्यंत सेटिंगवर जात नाही.

खरी ‘कधी कधी’वाली गंमत बाणांच्या बटणांत आहे. वरचा बाण म्हणजे एकच संदेश असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो तीन अक्षरं पाठवतो: आधी एस्केप, मग चौकोनी कंस, मग ए. मोठ्या यंत्राने कीबोर्डला दुसऱ्या अवस्थेत टाकलं असेल, तर मधला कंस जाऊन तिथे ओ येतो. एखादा प्रोग्राम ही अवस्था लावतो आणि अर्ध्यावर बंद पडताना पूर्ववत करायचं विसरतो; पुढच्या प्रोग्रामला बाण कळत नाहीत. हे झालं एक. दुसरं कारण वेळेचं. एस्केप हे स्वतंत्र बटणही आहे, म्हणून एस्केप आला की तो एकटा आहे की मागून आणखी काही येतंय, हे ठरवायला कित्येक प्रोग्राम क्षणभर थांबतात. लाईन चपळ असली की तिन्ही अक्षरं एका दमात पोचतात. उपग्रहावरून किंवा गर्दीच्या लाईनवरून ती सुटी सुटी आली, तर एस्केपला ‘रद्द करा’ समजलं जातं आणि मागून आलेले कंस व ए पडद्यावर छापले जातात. दुपारी तीनला चालणारा बाण सकाळी गर्दीच्या वेळी चालत नाही. तक्रार करणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, कारण तपासणारा माणूस दुपारी येतो.

कंट्रोल-एस विसरता कामा नये. वर्ड आणि एक्सेलमध्ये वाढलेल्या बोटांना दर पाच मिनिटांनी ते दाबायची सवय असते. व्हीटीच्या जगात त्याचा अर्थ ‘थांब, पुढचं पाठवू नकोस’. पडदा गोठतो, काही दाबलं तरी हालत नाही, आणि माणूस पीसी बंद करून चालू करतो. कंट्रोल-क्यू दाबलं असतं तर सगळं सुटलं असतं.

आता मेनफ्रेमकडे. नांदेड-लातूरचा तिच्याशी संबंध खिडकीतून येत नाही, माणसांमधून येतो. नांदेडच्या विष्णुपुरीतली श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून पदवीधर घडवते आहे. लातूरलाही अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. तिथून शिकून हैदराबाद-पुण्याला गेलेल्यांपैकी काहींच्या वाट्याला परदेशी बँका आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेम आल्या. कोबॉल ही मेनफ्रेमची जुनी प्रोग्रामिंग भाषा शिकायची म्हटल्यावर पहिल्यांदा तोंड वाकडं होतं, मग त्यावरच घर चालतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तशी ही मंडळी कंपनीचा लॅपटॉप घेऊन गावी आली आणि माजघरात बसून अमेरिकेतल्या यंत्रांवर काम करू लागली. ऑफिसात निमूट चालणारी बटणं घरी का चालेनात, याचा शोध तेव्हा अनेकांना लागला. त्या दिवसांतलं फोनवरचं बोलणं साधारण असं असायचं:

‘दादा, एंटर चालंना झालाय.’

‘कोणता एंटर? मोठा का उजवा कंट्रोल?’

‘उजवा कंट्रोल? या लॅपटॉपला तो नाहीच की.’

‘मग तू एंटर दाबायलाच नाहीस. न्यू लाइन दाबायलास.’

हे संभाषण समजायला १९७१ सालात जावं लागतं. आयबीएमने तेव्हा ३२७० ही टर्मिनलांची मालिका आणली आणि व्हीटीच्या नेमकी उलट रीत धरली. इथे अक्षर जाऊन परत येत नाही. २४ ओळी आणि ८० रकाने, म्हणजे १,९२० जागांचा पडदा टर्मिनलच सांभाळतं. तहसील कचेरीत पूर्ण अर्ज भरून मग खिडकीतून आत सरकवतात, तसं तुम्ही सगळी फील्ड भरून झाल्यावर एंटर दाबता, तेव्हाच मेनफ्रेमला कळतं की कुणीतरी काहीतरी लिहिलं. तोवरची सगळी टंकणी तुमच्याच टेबलावर असते. एक मेनफ्रेम हजारो माणसांना पुरते त्यामागे हे एक मोठं कारण आहे. प्रत्येक अक्षराला तिला जागं व्हावं लागत नाही.

पण त्यामुळे ३२७० च्या कीबोर्डवर बटणांच्या दोन जाती झाल्या. एक, जी पडद्यावरच काम करतात: अक्षरं, बाण, टॅब, इन्सर्ट, रिसेट, आणि पुढच्या ओळीवर नेणारं न्यू लाइन. दुसरी, जी मेनफ्रेमला उठवतात: एंटर, पीएफ-१ ते पीएफ-२४, पीए बटणं आणि क्लिअर. पीसीवर ज्या जागी एंटर असतो तिथे मूळ कीबोर्डवर न्यू लाइन होतं, आणि खरा एंटर खाली उजव्या कोपऱ्यात, म्हणजे पीसीच्या उजव्या कंट्रोलच्या जागी. आयबीएमच्या स्वतःच्या एम्युलेटरने ती जुनी मांडणी तशीच उचलली. त्यात डावा कंट्रोल म्हणजे रिसेट. इतर काही एम्युलेटरांनी नव्या माणसांची सोय पाहून मोठ्या एंटरलाच एंटर केलं. हाताला एकाची सवय आणि समोर दुसरा, की झालं ‘चालंना’.

कंट्रोलला असं काम देण्यात आणखी एक मेख आहे. कंट्रोल-सी दाबून मजकूर उचलायचा असतो तेव्हा कंट्रोल धरूनच ठेवावा लागतो, म्हणून एम्युलेटर तो दाबताक्षणी काही करत नाही. तो सुटेपर्यंत थांबतो. मध्ये दुसरं बटण दाबलं नाही तरच त्याला एंटर किंवा रिसेट धरतो. घाईत सी दाबायच्या आधीच उजव्या कंट्रोलवरचं बोट सुटलं, तर कॉपी व्हायच्या ऐवजी अर्धवट भरलेला पडदा मेनफ्रेमकडे रवाना होतो. तेच बोट, तेच बटण, पण निमिषभराच्या फरकाने काम वेगळं. अशा वेळी माणसाला शपथेवर वाटतं की आपण कंट्रोल-सीच दाबलं होतं.

मेनफ्रेमला उठवणारं बटण दाबलं की काय जातं? आधी एक बाइट, कोणतं बटण ते सांगणारा. सोळाच्या अंकपद्धतीत लिहिलं तर एंटरचा ७डी, पीएफ-३ चा एफ३, क्लिअरचा ६डी, पीए-१ चा ६सी. एंटर आणि पीएफ असतील तर त्यामागे कर्सरची जागा आणि तुम्ही बदललेली फील्ड जातात. क्लिअर आणि पीए असतील तर फक्त तो एकच बाइट. टंकलेला मजकूर जातच नाही. पीएफ-३ ला ‘बाहेर पडा’ हा अर्थ टर्मिनलने दिलेला नाही, एम्युलेटरनेही नाही. तो पलीकडच्या प्रोग्रामने दिलेला आहे. आयएसपीएफ या रोजच्या कामाच्या प्रोग्रामात रूढीने ३ म्हणजे संपवा, ७ म्हणजे वर, ८ म्हणजे खाली. पण प्रत्येक पडद्याला स्वतःची बटणांची यादी जोडता येते, आणि वापरणाऱ्यालाही आपले अर्थ बदलून ठेवता येतात. एका पडद्यावर पीएफ-३ ने बदल जतन होऊन बाहेर पडता येतं आणि कंपनीने लिहिलेल्या दुसऱ्या प्रोग्रामात त्याच बटणाने भरलेलं सगळं टाकून बाहेर पडता येतं. याला कीबोर्डचा दोष म्हणणं अन्याय आहे, पण म्हटलं जातं खरं.

एंटर दाबल्यापासून उत्तर येईपर्यंत ३२७० चा कीबोर्ड कुलूपबंद असतो. हे मुद्दाम केलेलं आहे. अर्ज आत गेल्यावर त्यात खाडाखोड करता येऊ नये म्हणून. मूळ टर्मिनलवर या काळात दाबलेलं बटण वाया जायचं. आजचे एम्युलेटर ती बटणं साठवून ठेवतात आणि कुलूप उघडल्यावर सोडतात, पण मध्ये चूक झाली की साठा फेकून देतात. म्हणजे भराभर टाइप करणाऱ्याची अक्षरं कधी पोचतात, कधी गिळली जातात. घरचं वायफाय डगमगत असेल, व्हीपीएन मधूनच तुटत असेल, तर कुलपाचा काळ लांबतो आणि गिळलेल्या अक्षरांची संख्या वाढते.

आता या सगळ्यातली सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. पडद्याच्या २४ ओळींखाली एक पंचविसावी ओळ असते. तिथे कीबोर्ड का अडला हे चक्क लिहिलेलं असतं, आणि बहुतेकांनी ती कधी वाचलेली नसते. एक्स आणि घड्याळ म्हणजे मेनफ्रेमच्या उत्तराची वाट. एक्स आणि दोन बाणांमध्ये उभा छोटा माणूस म्हणजे कर्सर अशा जागी आहे जिथे लिहायला बंदी आहे. एक्स आणि नम म्हणजे आकड्यांच्या फील्डमध्ये अक्षर टाकलंत. हा शेवटचा अडसर जुन्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेल्या बोटांना हमखास भेटायचा, कारण कित्येक इंग्रजी टाइपरायटरांवर एकचा आकडाच नसायचा आणि त्या जागी लहान एल दाबायला शिकवायचे. कागदावर खपून जायचं. ३२७० खपवून घेत नाही. यातल्या कोणत्याही चुकीवर रिसेट दाबल्याशिवाय पुढचं एकही बटण चालत नाही. ज्याला रिसेट कुठे आहे हे ठाऊक नाही त्याच्यासाठी कीबोर्ड मेला.

याच ओळीत एक्स, माणूस आणि त्याच्या उजवीकडे टोक असं चिन्ह आलं, तर प्रकरण इन्सर्टचं आहे. मला ३२७० वरचा सगळ्यांत सुंदर गोंधळ हाच वाटतो. एका ओळीत इन्सर्ट चालतं, खालच्या ओळीत चालत नाही, आणि दोन्ही ओळी डोळ्यांना सारख्याच दिसतात. फरक रिकाम्या जागेत असतो. पडद्यावरची रिकामी जागा दोन प्रकारची असू शकते: एक, जिथे काहीच नाही, दुसरी, जिथे स्पेस हे अक्षर बसलेलं आहे. मध्ये नवीन अक्षर घुसवायचं तर बाकीची उजवीकडे सरकली पाहिजेत, आणि सरकायला शेवटी खरोखरची रिकामी जागा लागते. ओळीचा शेवट स्पेसनी भरलेला असेल तर टर्मिनलच्या दृष्टीने ती ओळ काठोकाठ भरलेली आहे. उपाय म्हणजे मजकुराच्या शेवटी जाऊन तिथून पुढचं सगळं पुसणारं बटण दाबायचं. किंवा आयएसपीएफच्या एडिटमध्ये ‘नल्स ऑन’ अशी आज्ञा द्यायची, म्हणजे ओळीमागच्या स्पेस पाठवल्याच जात नाहीत.

आतापर्यंतच्या अडचणी जगात कुठेही सारख्याच. आपल्या भागातली खास अडचण मराठीची आहे. घरच्या किंवा शाळेच्या कामासाठी लॅपटॉपवर मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी घातलेली असते. ऑल्ट-शिफ्ट किंवा विंडोज-स्पेस दाबलं की इंग्रजी जाऊन मराठी येते, आणि ती चुकूनही दाबली जातात. आता एम्युलेटरमध्ये इंग्रजी ‘लॉगऑन’ची पाच बटणं दाबली, तर विंडोजकडून त्याच्या हाती ‘तदुदल’ पडतं. मेनफ्रेमची अक्षरं एब्सिडिक नावाच्या संकेतात असतात. त्यात देवनागरीचं पान, म्हणजे अक्षरांचा तक्ता, नाही असं नाही. आयबीएमने ११३७ क्रमांकाचं पान देवनागरीसाठीच ठेवलं आहे. पण परदेशी बँकेच्या सेशनला ते कोण लावणार? तिथे लावलेल्या इंग्रजी पानात त आणि द यांना जागा नाही, म्हणून एम्युलेटर प्रश्नचिन्ह टाकतो किंवा गप्प बसतो. पासवर्डच्या फील्डमध्ये तर काही दिसायचाच प्रश्न नसतो. चुकीचा पासवर्ड ठरावीक वेळा गेला की खातं बंद.

ओळखायची खूण मात्र सोपी आहे. अक्षरं उठत नाहीत, पण पीएफ-३ आणि बाण व्यवस्थित चालतात, तर भाषेच्या मांडणीवर पहिला संशय घ्यावा. विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवायची सोय आहे. ती चालू असेल तर एका सेशनमध्ये मराठी आणि शेजारच्यात इंग्रजी असंही होतं.

रुपयाचं चिन्ह ही याचीच धाकटी बहीण. ₹ हे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं गेलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आलं. जुन्या एब्सिडिक पानांना ते माहीत असणं शक्य नाही. पण प्रश्न एवढ्यावर थांबत नाही. ₹ साठी विंडोजची ‘इंग्रजी (भारत)’ मांडणी घेतली की उजवा ऑल्ट साधा ऑल्ट राहत नाही. तो दाबला की विंडोज सोबत एक खोटा डावा कंट्रोलही दाबल्याचं कळवतं. डावा कंट्रोल म्हणजे रिसेट असं ज्या एम्युलेटरला शिकवलंय, त्याने तो खोटा कंट्रोल खरा मानला तर काय होईल ते सांगायला नको. साधी अमेरिकी मांडणी निवडली की ही पीडा टळते. चौकोनी कंसांची वेगळी तऱ्हा: एब्सिडिकच्या ०३७ या पानात डावा कंस बीए या जागी, १०४७ मध्ये एडी या जागी. एम्युलेटर एका पानावर आणि प्रोग्राम दुसऱ्यावर असला, तर कंस दाबल्यावर भलतंच चिन्ह जातं, आणि पडद्यावर ते बरोबर दिसू शकतं. म्हणून ही चूक कीबोर्डवर सापडतच नाही. ती प्रोग्राम कंपाइल करताना सापडते.

मग शोधायचं कसं? माझ्या मते क्रम महत्त्वाचा, आणि बोटाकडून मेनफ्रेमकडे जाणारा क्रम चांगला. नोटपॅड उघडून तेच बटण दाबावं. तिथेही ते रुसत असेल तर एम्युलेटर निर्दोष. मराठवाड्यातला उन्हाळ्याचा धुरळा कीबोर्डच्या पोटात जातोच, त्याचा हिशेब आधी लावावा. बाहेरचा कीबोर्ड जोडून पाहणं हा स्वस्त उपाय. विंडोजची एक खोडीही इथेच सापडते. उजवा शिफ्ट आठ सेकंद दाबून धरला, विचार करता करता बोट तिथे विसावलं तरी, की विंडोज ‘फिल्टर कीज’ चालू करायचं विचारतं. चुकून होकार गेला की झटकन दाबलेली बटणं दुर्लक्षित होतात आणि जोर देऊन धरलेली उमटतात. जलद टाइप करणाऱ्याला हे भुताटकीसारखं वाटतं. लॅपटॉपवर एफ-३ दाबल्यावर आवाज किंवा उजेड कमी-जास्त होत असेल तर एफएनची कडी बदललेली आहे. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन-एस्केपने ती पूर्ववत होते.

नोटपॅडमध्ये सगळं ठीक असेल तर सेशनमध्ये यावं आणि आधी पंचविसावी ओळ वाचावी. तिथे काही नसेल तर एम्युलेटरच्या मेनूमधली पडद्यावरची बटणं उघडावीत आणि माउसने पीएफ-३ वर टिचकी मारावी. ही चाचणी मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ती वाट मधोमध तोडते. माउसने चाललं आणि बोटाने नाही, तर दोष कीबोर्डच्या मॅपिंगमध्ये. माउसनेही चाललं नाही, तर दोष पलीकडे. मग कीबोर्ड बदलण्यात वेळ घालवू नये.

मॅपिंग, म्हणजे कोणतं बटण काय पाठवेल याची यादी, ही एक फाइल असते, आणि ती कोणत्या सेशनला कोणती लागली आहे हे तपासता येतं. एका सेशनमध्ये चालतं आणि दुसऱ्यात नाही, या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं की दोन सेशनना दोन फाइली लागल्या आहेत: एकीला कंपनीने दिलेली, दुसरीला मूळची. चालू असलेली फाइल तशीच कॉपी करून दुसऱ्या सेशनला लावली की मिटतं. मात्र मध्ये दूरस्थ डेस्कटॉप असेल तर तो आणखी एक दुभाष्या झाला. काही साधनांत डाव्या-उजव्या कंट्रोलचा भेद वाटेतच हरवतो, नमलॉकची अवस्था इकडे एक आणि तिकडे एक राहते. अशा वेळी उजव्या कंट्रोलचा हट्ट सोडून एंटरचं काम मोठ्या एंटरला द्यावं. परंपरावाद्यांना पटणार नाही, पण काम पुढे जातं.

अलीकडे एम्युलेटर थेट ब्राउझरमध्ये उघडतात. काही बसवावं लागत नाही, म्हणून कंपन्यांना ते आवडतात. पण ब्राउझरची स्वतःची बटणं आहेत आणि ती सोडायला तो नेहमी तयार नसतो. एफ-११ ने पडदा मोठा होतो, एफ-१ ने ब्राउझरची मदत उघडते, कंट्रोल-डब्ल्यूने अख्खा टॅब मिटतो. बऱ्याच एम्युलेटरांनी यातली काही बटणं आधीच अडवलेली असतात, पण त्यासाठी कर्सर त्यांच्या चौकटीत असावा लागतो. माउस चुकून बाहेर टिचकला असेल तर पुढचा एफ-५ पीएफ-५ म्हणून जात नाही, तो पान ताजं करतो आणि सेशन तुटतं. मेनफ्रेमला हे लगेच कळत नाही. तिच्या लेखी तुम्ही आत बसलेलेच असता. पुन्हा लॉगऑन करायला गेलात तर मेनफ्रेमवर आत घेणारी टीएसओ ही प्रणाली सांगते, हा वापरकर्ता आधीच आत आहे. लॉगऑनच्या पडद्यावर खाली ‘रिकनेक्ट’ असा एक पर्याय असतो. टॅब दाबून त्याच्यापर्यंत जायचं, त्याच्या आधी इंग्रजी एस टाकायचा, आणि एंटर. ज्या सेशनमध्ये जो एंटर असेल तो.